डायलिसिस, थंडी आणि बंद पडलेलं चालणं

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, मधुमेही. सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी डायलिसिस, डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या). दिवाळीपर्यंत पहाटे गोल्फ क्लबवर फेऱ्या मारायचे. थंडी पडल्यापासून पांघरुणातून निघत नाहीत आणि आता खुर्चीतून उठताना हात टेकतात. आई म्हणते, गारठ्यात आराम करू दे. काय करावं?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आईंचं गारठ्याबद्दल बरोबर आहे, आरामाबद्दल नाही. डायलिसिसवर मांड्यांचे स्नायू मुळातच लवकर झिजतात, त्यात बसून राहिलं की हात टेकायची वेळ येतेच. पण पारा दहाच्या खाली असताना पहाटे बाहेर पडणंही नको. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, हृदयावर ताण येतो.

किडनीच्या डॉक्टरांना विचारून फक्त वेळ बदला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दहानंतरच्या उन्हात दहा मिनिटं; मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागली की वेग जास्त झाला. डायलिसिसनंतर बीपी उतरलेलं असतं, त्या दिवशी विश्रांती. रविवारी बेतानंच, कारण दोन दिवसांच्या खंडात पाणी आणि पोटॅशियम जास्त साचतं. डायलिसिस चुकलं असेल, ताप असेल किंवा छातीत दुखत असेल, तर चालायचं नाही.

उठ-बस घरातच करा. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, पाच वेळा उठायचं. जमत नसेल तर बसायच्या जागी घट्ट उशी ठेवा. उंची वाढली की जमतं, मग आठवड्याभराने उशी काढून बघा. श्वास रोखायचा नाही. ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचलणंही चालेल.

वजनाकडे बघा, इथे बऱ्याच घरांत गडबड होते. डायलिसिसआधी स्वेटर-शालीसकट काट्यावर उभं राहिलं, की कपड्यांचं वजनही पाणी समजून मशीन जास्त पाणी ओढतं. मग पायात गोळे येतात, बीपी पडतं आणि माणूस दुसऱ्या दिवशीही उठत नाही. त्याला आपण आळस म्हणतो! ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ठरवताना जसे कपडे होते तसेच दर वेळी हवेत. थंडीत घामही कमी येतो, त्यामुळे वाढीव चहाचे कप पाण्याच्या हिशेबात धराच.

डाव्या बाहीचा स्वेटर सैल हवा, त्या हातात घड्याळ नको. रोज बोटं ठेवून फिस्टुलाची थरथर बघा. लागली नाही तर सकाळची वाट न पाहता लगेच सेंटरला फोन करा.

मधुमेहाने पाय बधिर असतील तर हीटर, शेकोटी, गरम पाण्याची पिशवी पायांजवळ नको. भाजलेलं कळतच नाही. सुती मोजे घालून चालावं. साखर उतरली तर खिशात ग्लुकोजची पूड असू द्या. संत्र्याचा रस नको, त्यात पोटॅशियम असतं. खारीक-खोबऱ्याचे डिंकाचे लाडूही त्याच कारणाने डब्यातच राहू द्यात.