डाव्या जबड्याखालची गाठ

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे वय ३८ असून मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात हिशेबाचे काम करते. चार महिन्यांपूर्वी दाढ दुखत असताना डाव्या जबड्याखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दाढेवर उपचार झाले, दुखणे थांबले, गाठ मात्र थोडी राहिली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आणि नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफी व रक्ताची तपासणी झाली आणि काळजीचे कारण नाही, असे दोघांनीही सांगितले. तरीही सगळे झोपले की मी मोबाईल घेऊन शोधत बसते. सुरुवात ‘मानेतील गाठ’ या शब्दांनी होते आणि दोन वाजेपर्यंत मी कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्याविषयी वाचत असते. परवा एका शेतकऱ्याची हिशेबाची पट्टी लिहिताना माझा डावा हात जबड्याखालीच होता आणि गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या चुकली. यजमानांना मी रोज गाठ दाबून पाहायला लावते. ते ‘काही नाही’ म्हणाले की तासभर बरे वाटते. दोन वर्षांपूर्वी माझी मावसबहीण कर्करोगाने गेली, तिचेही निदान उशिरा झाले होते. कृपया एवढेच सांगा, माझी गाठ कर्करोगाची नसेल ना?
— एक वाचक भगिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, आणि ते का देणार नाही हे सांगण्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे. ज्यांनी आपली मान प्रत्यक्ष हाताने तपासली, सोनोग्राफी पाहिली, त्या दोघांनी ते उत्तर आधीच दिलेले आहे. पत्र वाचून मी तेच पुन्हा लिहिले, तर आपल्याला दोन दिवस बरे वाटेल आणि तिसऱ्या दिवशी, पत्रात आपण एखादी गोष्ट लिहायची राहिली का, अशी नवी शंका येईल. यजमानांचे ‘काही नाही’ तासभर पुरते, माझे कदाचित दोन दिवस पुरेल, इतकाच फरक.

आधी गाठीविषयी. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. दाढेच्या जंतुसंसर्गाने जबड्याखालची लसिका ग्रंथी सुजते, तीही त्याच कारणाने. संसर्ग गेल्यावर ती लहान होते, पण काहींच्या बाबतीत मऊ, हलणारी लहानशी गाठ कित्येक महिने हाताला लागत राहते. शिवाय अशी ग्रंथी दिवसभर चाचपली, दाबली, तर ती हुळहुळी होते. मग ते दुखणे आजाराची खूण वाटते आणि हात पुन्हा तिथेच जातो. आपण पट्टी लिहिताना जे घडले ते नेमके हेच आहे.

आता मोबाईलविषयी. २००८ साली मायक्रोसॉफ्टमधील रायन व्हाइट आणि एरिक होर्विट्झ या संशोधकांनी अशा शोधांचा अभ्यास केला. डोकेदुखीसारखे साधे लक्षण शोधणाऱ्याला मेंदूच्या गाठीसारखे दुर्मीळ आजार त्यांच्या प्रत्यक्ष प्रमाणाच्या मानाने फार जास्त दिसतात, आणि साध्या लक्षणापासून सुरू झालेला शोध गंभीर आजाराकडे सरकत जातो, असे त्यांना आढळले. यात आपल्या बुद्धीचा दोष नाही. ज्याची दाढ बरी झाली आणि गाठही गेली, तो माणूस त्याविषयी लिहायला बसत नाही; ज्याच्या बाबतीत विपरीत घडले त्याचीच कहाणी लिहिली जाते आणि रात्री दोन वाजता ती आपल्यासमोर येते. शोधयंत्राला आपली सोनोग्राफी ठाऊक नसते आणि आपल्या गळ्याला त्याचा हात लागत नाही.

तरीही आपण शोधता, कारण शोधल्याने सुरुवातीला खरोखरच बरे वाटते. नायटा खाजवताना क्षणभर सुख लाभते आणि त्याच खाजवण्याने तो पसरतो, तसेच हे आहे. शंका आली की छातीत धडधडते, घसा आवळल्यासारखा होतो. एखादे आश्वासक वाक्य वाचले की ते शमते. आणि शमले ते वाचल्यामुळेच, असे मन शिकते. पुढच्या शंकेला ते पुन्हा तेच मागते. न वाचताही ती भीती काही वेळाने आपोआप उतरली असती, हे पाहण्याची संधी मात्र मनाला मिळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात आजाराची ही सततची धास्ती मंत्रचळाच्या, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराच्या, गटात ठेवली आहे. हात पुन्हा पुन्हा धुणारा माणूस आणि गाठ पुन्हा पुन्हा चाचपणारा माणूस यांचे दुःख किती जवळचे आहे, हे मी रोज पाहते. म्हणून ही मांडणी मला पटते.

मावसबहिणीचे आपण एकाच वाक्यात लिहिले आहे, पण मला तेच पत्रातले सर्वांत जड वाक्य वाटले. तिचे निदान उशिरा झाले, म्हणून आपण स्वतःवर रात्रंदिवस पहारा ठेवला आहे. ते दुःख कोणाजवळ तरी मोकळेपणाने बोलायला हवे. गाठ चाचपून ते हलके होणार नाही.

करायचे काय? मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, उशाशी नको. शोधण्याची ओढ आली तर लगेच ‘नाही’ म्हणण्याऐवजी वीस मिनिटे थांबा आणि त्या वेळात भीती किती चढते, किती उतरते, ते वहीत लिहा. हिशेब ठेवण्याची आपल्याला सवय आहेच. गाठ पाहण्याचे काम पूर्णपणे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सोपवा आणि पुढच्या तपासणीची तारीख त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मधल्या काळात गाठ स्पष्टपणे वाढली, दगडासारखी टणक झाली, गळपट्टीच्या हाडावर नवी गाठ आली, किंवा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, विनाकारण घटणारे वजन यांपैकी काही सुरू झाले, तर तारखेची वाट न पाहता जा. आपल्याकडे मानेतल्या गाठींचे एक नेहमीचे कारण क्षयरोग असते आणि तो औषधांनी बरा होतो, म्हणून अशा वेळी टाळाटाळ नको. पण ही लक्षणे रोज तपासून पाहण्यासाठी मी लिहिलेली नाहीत, एवढे कृपया ध्यानात असू द्या.

आपल्या यजमानांनाही हे उत्तर वाचायला द्या. त्यांनी उद्यापासून गाठ दाबून पाहू नये. रागावूही नये. ‘तुला भीती वाटते आहे, हे मला कळते; मी जवळ बसतो, पण गाठ पाहणार नाही,’ एवढेच म्हणावे आणि खरोखरच जवळ बसावे. पहिले चार-आठ दिवस दोघांनाही जड जातील.

महिन्याभरात फरक पडला नाही, किंवा झोप आणि काम आताइतकेच बिघडलेले राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती या धास्तीवर उपयुक्त ठरलेली आहे. गरज पडल्यास औषधेही देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करता येईल. रात्रीच्या वेळी फारच असह्य झाले, तर १४४१६ या ‘टेली मानस’ नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना तपासण्यांची फाईल सोबत न्या, ती एकदाच दाखवा, आणि उरलेला सगळा वेळ मावसबहिणीविषयी बोला.