मान मागे नेणारे स्नायू कोणते? मोबाइल बघताना तेच का दुखतात?

मुख्य जोर सेमीस्पायनॅलिस कॅपिटिसचा. तो मानेच्या खालच्या नि छातीच्या वरच्या मणक्यांपासून निघून कवटीच्या मागच्या हाडाला चिकटतो. त्याच्यावर स्प्लीनियस, एकाच बाजूचा आकुंचन पावला तर चेहरा त्याच बाजूला वळतो. सर्वांत वर, त्वचेलगत, ट्रॅपेझियस. अगदी खोल, कवटीखाली, सबऑक्सिपिटल या छोट्या स्नायूंच्या 4 जोड्या: ताकद कमी, पण डोक्याची स्थिती मेंदूला कळवण्यात तरबेज.

डोकं साधारण 4 ते 5 किलोचं. ते पुढे झुकलं की हे स्नायू ताणलेल्या अवस्थेत त्याला तोलत राहतात, म्हणून ठणकतात.

व्यायाम: हात डोक्यामागे, डोक्याने हातांवर हलका दाब, 5 सेकंद, 10 वेळा. डोकं हलू द्यायचं नाही. इथे हमखास होणारी चूक: हनुवटी वर जाते आणि भार कवटीखालच्या छोट्या स्नायूंवर येतो. हाताला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.