सांबार म्हणजे कोथिंबीर कशी काय? आणि रोजच्या भाजीचं धने-जिरं

प्रश्न असा आहे. साताऱ्याकडच्या एक ताई लग्न होऊन वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आल्या. सासूबाई भाजी उतरवताना म्हणतात, "वरून सांबार टाक वं", आणि हातात देतात कोथिंबीर. ताईंना वाटलं घरातलाच काही लाडका चुकीचा शब्द असेल. दुसरं म्हणजे सासूबाई रोज विचारतात "मसाल्याची करायची का साधी?", तर साध्या भाजीतही धने-जिरं-तिखट असतंच, मग ती बिनमसाल्याची कशी? आणि इकडे रोजच्या भाजीला नेमकं कशासोबत काय घालतात?

ताई, पहिले हे सांगतो की सासूबाईंचा शब्द शंभर टक्के बरोबर आहे. मी यवतमाळकडचा, आमच्याकडे कोथिंबीर हा शब्द पुस्तकात वाचलेला, बोलण्यात सांबारच. "वावरातून चार काड्या सांबार आनजो" असंच कानावर येतं. खेड्यात सांबार, काही जण संबार म्हणतात, नागपूरकडे सांभार, आणि नागपूरच्या भाजीबाजारात हिंदी बोलणारा माणूससुद्धा "सांभार दे दो" म्हणतो. नागपूरची सांबारवडी तर सगळ्यांना माहीत आहे, तिलाच पुडाची वडी म्हणतात, तिच्यात इडलीसोबतच्या पातळ वरणाचा एक थेंब नसतो, आत गच्च भरलेला असतो तो सांबार म्हणजे कोथिंबीर, सोबत खसखस, तीळ, सुकं खोबरं.

आता शब्द आला कुठून. बरेच जण म्हणतात की तेलंगण जवळ आहे म्हणून तिकडून आला असेल. मला हे पटत नाही, कारण तेलुगूत कोथिंबिरीला कोत्तिमीर म्हणतात, आणि तो शब्द आपल्या कोथिंबिरीचाच भाऊ आहे, दोघांचं नातं संस्कृत कुस्तुंबुरूशी. तिकडे सांबार म्हणजे डाळीचाच पदार्थ, पाला कधीच नाही. मग तेलुगूतून उचलला असता तर आपण डाळीलाच सांबार म्हटलं असतं. (संभाजी महाराजांच्या नावावरून तंजावरच्या मराठ्यांनी त्या पदार्थाला नाव दिलं ही गोष्ट सगळीकडे फिरते, ती दंतकथा आहे, तिला पुरावा नाही.)

खरं मूळ आहे संस्कृत संभार. अर्थ जमवलेलं सामान, साहित्य. यज्ञाचे संभार म्हणतात, जटासंभार म्हणतात, त्यातलाच हा. स्वयंपाकाच्या बाबतीत संभार म्हणजे पदार्थाला चव आणायला जे जे गोळा करून घालायचं ते सगळं. हा अर्थ आजही आजूबाजूला जिवंत आहे आणि मला या शब्दाचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं. कोकणीत सांबार म्हणजे मसाला. गुजरातीत लोणच्याच्या मसाल्याला संभार म्हणतात आणि कच्च्या पपईच्या फोडणी दिलेल्या तोंडीलावण्याला संभारो. मल्याळममध्ये संभारम् म्हणजे आलं, मिरची, कढीपत्ता घातलेलं ताक. म्हणजे एकाच शब्दाचा कुठे मसाला झाला, कुठे तोंडीलावणं, कुठे ताक, कुठे डाळ, आणि आपल्या विदर्भात तो जाऊन बसला कोथिंबिरीवर.

तिच्यावरच का बसला? माझं मत सांगतो. मसाला हा शब्द अरबीतून फारसीवाटे आपल्याकडे आला आणि त्याचाही मुळातला अर्थ साहित्य, सामानच आहे, म्हणून तर गवंडी चुना-वाळूच्या कालवणालाही मसाला म्हणतात. दोन शब्द एकाच अर्थाचे झाले की घरात दोघांना सारखं काम मिळत नाही. मसाल्यानं कुटायचं-वाटायचं खातं घेतलं आणि संभाराकडे उरलं ते भाजी उतरवताना वरून घालायचं हिरवं, आणि खेड्यातल्या रोजच्या भाजीत ते हिरवं म्हणजे दुसरं काय असणार, कोथिंबीरच. आणि गंमत बघा की सुरुवातीला जे धने पडतात ते याच झाडाचं फळ, म्हणजे आपली भाजी सुरू पण याच झाडापासून होते आणि संपते पण त्याच्यावरच, एवढ्या कामाच्या झाडाला "सामान" हे नाव मिळालं यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आता "साधी का मसाल्याची" याबद्दल. आमच्याकडे धने-जिऱ्याची पूड, तिखट, हळद, मीठ यांना मसाला धरतच नाहीत, ते रोजच्या डब्यात असायलाच पाहिजे. मसाला म्हणजे वाटण. कांदा भाजायचा, सुकं खोबरं भाजायचं, खसखस, आलं-लसूण, आणि खडे म्हणजे कलमी, लवंग, मिरे, तेजपान, विलायची, थोडं दगडफूल, हे सगळं पाट्यावर नाहीतर आता मिक्सरमध्ये. (कलमी म्हणजे तुमची दालचिनी आणि तेजपान म्हणजे तमालपत्र, किराणा दुकानात याच नावानं मागा. बडीशेपला सोप म्हणतात.) हे वाटण तेल सुटेपर्यंत परतलं की वर जी लाल तर्री येते ती मसाल्याची भाजी. पाहुणे आले, सण आहे, पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायचा आहे, तेव्हा मसाल्याची. एरवी साधी. म्हणून सासूबाई विचारतात तेव्हा त्या मसाला आहे की नाही हे विचारत नाहीत, वाटण करायचं का हे विचारतात.

साध्या भाजीची जोडी म्हणाल तर माझ्या मते विदर्भाच्या खेड्यातला खरा मसाला लसूण-जिरं हाच आहे. वरणाला जिरं, लसूण, हिंग. चुनाला, म्हणजे तुमच्या पिठल्याला, मोहरी-जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. पालेभाजीला नुसता लसूण आणि मिरची, तिथे धनेपूड अजिबात नको, पाल्याची चव मरते. जवसाच्या चटणीला भाजलेलं जवस, लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ, बस. भरताला हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि भरपूर सांबार.

धने-जिरं येतं ते फळभाजीत. ढेमसं, वांगी, बटाटे. आमच्या घरी धने दोन वाट्या तर जिरं एक वाटी, वेगवेगळं कोरडं भाजायचं कारण जिरं लवकर करपतं, मग एकत्र कुटायचं. भरल्या वांग्यात याला शेंगदाण्याचा कूट, तीळ आणि खोबरं जोडतात. तिखट आणि धनेपूड कडकडीत तेलात टाकू नका, दोन्ही जळतात आणि कडू होतात, गंज, म्हणजे पातेलं, खाली उतरवून किंवा पाण्याचा हबका मारून टाका. तेल गरम हवं पण जाळणारं नको, मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, तर्रीचं सगळं यश तिथेच आहे. मिरची मिळाली तर नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी घ्या आणि हळद तुमच्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली वायगावची, दोघींना भौगोलिक मानांकन आहे आणि वायगावची हळद रंगाला खरंच गडद असते, थोडी कमी घातली तरी चालते.

सासूबाई सांबार शेवटीच का टाकायला लावतात तेही सांगतो. धन्याचा वास भाजल्यावर खुलतो पण पानाचा वास उष्णतेनं उडून जातो, एकाच झाडाचे दोन भाग पण दोघांतली वासाची द्रव्यं वेगळी आहेत. म्हणून धने तेलात आणि सांबार विस्तव बंद केल्यावर. काड्या मात्र फेकू नका, कोवळ्या काड्या ठेच्यात घाला.

एक बारीक गोष्ट बोलण्यातली. कोथिंबीर ती, पण सांबार तो. "सांबार टाकली" म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं की बोलणारी बाहेरची आहे. सांबार टाकला, सांबार निवडला, सांबाराची जुडी, असं म्हणा. आणि इडलीसोबतचा हवा असेल तर हॉटेलात बिनधास्त सांबार मागा, तिथे कोणी जुडी आणून देत नाही, ऐकणारा जागेवरून ओळखतो.