विनोदी अभिनेत्री होऊ पाहणाऱ्या मुलीस

सांगली

चि. मुलीस सप्रेम आशीर्वाद.

राज्य नाट्य स्पर्धेनंतर विनोदी भूमिकांतच पुढे जायचे तू ठरवलेस, हे वाचून मला फार आनंद झाला. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तिथे तेव्हा स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत आणि विदूषकही पुरुषच असे; तमाशाच्या गवळणीतली मावशीसुद्धा परंपरेने पुरुषानेच रंगवली. म्हणजे बाईवर हसण्याची सवय आपल्या प्रेक्षकाला जुनी आहे. बाईने स्वतःच्या बुद्धीने त्याला हसवणे त्या मानाने नवे आहे, आणि तुझे काम तिथे आहे.

प्रेक्षकाकडे हशा मागू नकोस. ‘ती फुलराणी’मध्ये (१९७५) भक्ती बर्वे यांच्या मंजुळेचा संताप आणि अपमान तिच्यापुरता पूर्ण खरा होता, म्हणूनच तिचे बोलणे हसवत असतानाच जिव्हारी लागत असे. हशा चढत असताना पुढचे वाक्य टाकू नये आणि तो पुरता विरेपर्यंतही थांबू नये. तो उतरू लागला की बोलावे. भावे नाट्यमंदिरात ज्या वाक्याला दाद मिळते, त्याला मुंबईत मिळेलच असे नाही, त्यामुळे ही जागा दर प्रयोगाला कानानेच शोधावी लागते. चित्रपटात हा आधारच नसतो: सेटवर कुणी हसत नाही आणि लय पुढे संकलनात ठरते. त्याच भक्तीताईंनी ‘जाने भी दो यारों’मध्ये (१९८३) धूर्त संपादिका किती शांतपणे उभी केली, ते बारकाईने पाहा.

तुझ्या अंगकाठीवर किंवा रंगावर बेतलेला विनोद नाकार, मग सुरुवातीला एखादे काम गेले तरी चालेल. आपल्याकडच्या बोलीचेही तसेच आहे. ती केवळ अडाणीपणा दाखवण्यासाठी मागितली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याच बोलीत इथल्या बायका अतिशय शहाणे बोलतात.

प्रयोगाची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, आणि दौऱ्यातली राहण्याची सोय तालमींपूर्वीच ठरवून घे. संहिता हाती आली की केवळ स्वतःचे संवाद न वाचता सबंध नाटक मोठ्याने वाच, आणि तुझे पात्र गाळले तर नाटकाचे नेमके काय अडते, ते मला सविस्तर लिहून कळव.

तुझी,
ताई