मार्च एंडिंग, अर्ध्या बाह्या आणि पलंगाखालचा चरखा

या महिन्यात नोकरी करणाऱ्यांचेच प्रश्न जास्त आलेत, सगळ्यांचं दुखणं साधारण एकच, की विणायला-कातायला हात शिवशिवतात पण वेळ नाही. तर आज तेच घेते, टाक्यांचे नि नक्षीचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न : ताई नमस्कार, मी लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, डोंबिवलीहून सकाळची लोकल आणि घरी यायला रात्रीचे साडेआठ. विणकाम आईने शिकवलं. मागच्या दिवाळीत वर्ध्याला नणंदेकडे गेले होते तिथे पेटी चरखा बघितला आणि घेऊनच आले. आता अवस्था अशी की एका स्वेटरचा पुढचा-मागचा भाग झालाय, बाह्या नाहीत, एक शाल अर्धी, आणि चरखा पलंगाखाली. मार्च एंडिंगला तर कशालाच हात लागत नाही. नवरा म्हणतो रविवारी निवांत कर, पण रविवारी बसले की सासूबाई म्हणतात बाजारात पाचशेला छान स्वेटर मिळतो. हे सगळं बंद करावं का? की वेळ काढायची काही पद्धत आहे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं बंद कशाला करतेस! आधी तो रविवार डोक्यातून काढ. नोकरीवाल्या बाईचा रविवार म्हणजे दळण, इस्त्री, पाहुणे आणि मुलांचे प्रोजेक्ट, त्यात निवांत तीन तास मिळतील म्हणून सहा दिवस थांबायचं आणि मग ते मिळाले नाहीत की चिडचिड करायची, याला काही अर्थ नाही.

जरा हिशोब करून बघू, तू अकाउंट्सवाली आहेस म्हणून. नेहमीची मध्यम लोकर घेतली तर 10 सेंटीमीटरला साधारण 22 टाके आणि 30 ओळी येतात. छाती 96 सेंटीमीटर, लांबी 60 धर, म्हणजे दोन्ही भाग मिळून 210च्या आसपास टाके आणि 180 ओळी, हे झाले 38 हजार. दोन बाह्यांचे 20 हजारांच्या आसपास, गळापट्टी वगैरे वेगळी. म्हणजे अख्खा स्वेटर साठ हजार टाक्यांचा. सवयीचा हात मिनिटाला 25 टाके घालतो, तर 40 तास. आता हे 40 तास ऐकून घाबरू नकोस कारण तुझ्या तर फक्त बाह्या राहिल्यात! 20 हजार टाके म्हणजे 800 मिनिटं, आणि सकाळी डोंबिवली ते दादर बसायला मिळालं तर 40 मिनिटं कुठे जात नाहीत. वीस सकाळी. महिन्याभरात स्वेटर अंगात.

पण लोकलमध्ये काय विणायचं हे ठरवून घ्यायला हवं, तिथेच बहुतेकींचं फसतं. पाठीचा भाग वजनाला जड, मांडीवर घेतला की शेजारचीच्या साडीवर जातो, तो प्रवासाचा नव्हे. बाही मात्र डब्याच्या पिशवीत मावते. लांब सरळ सुया नकोच, तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धीच टेकलेली असताना कोपर बाहेर काढलंस की समोरची ओरडणार. मधे वायर असलेली गोल सुई घे, तिच्यावर सपाट विणकामही होतं आणि दादर आलं म्हणून ओळीच्या मधेच उठावं लागलं तर टाके वायरवर सरकवून ठेवायचे, सुटत नाहीत. लोकरीचा गुंडा पिशवीतच राहू दे, बाहेर काढलास तर सीटखाली गेलाच म्हणून समज. बाही वाढवत जायची असते तर कितव्या ओळीला टाका वाढवला ते तिथल्या तिथे मोबाइलमध्ये लिहायचं, नाहीतर दुसरी बाही लांडी होते. आणि उभी असशील तर सुया बाहेर काढूच नकोस, धक्का लागला तर कुणाच्या तरी डोळ्यात जायची. परतीच्या गाडीत नुसतं कानाला हेडफोन लाव आणि गप उभी राहा.

डोक्याचं काम वेगळं. बगल पाडणं, गळा काढणं, मापं घेणं, बाह्या जोडणं, हे रात्री दहाला करायचंच नाही, दमलेल्या डोळ्यांनी केलेलं सकाळी उसवावं लागतं हे विणणाऱ्या कुठल्याही बाईला विचार. शनिवारी सकाळी घर उठायच्या आधी चहा घेऊन अर्धा तास बस आणि फक्त तेवढंच कर.

मार्च एंडिंगचं म्हणशील तर त्या काळात नवीन काही सुरू करायचं नाही आणि कुणाला अमुक तारखेपर्यंत देते असं कबूल तर अजिबात करायचं नाही. फेब्रुवारीतच शाल नीट घडी घालून तिला सेफ्टी पिनने एक चिठ्ठी लाव : सुई किती नंबरची, नक्षीची कितवी ओळ झाली, पुढची सुलट का उलट. शेवटच्या ओळीतून एक वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेव, म्हणजे सुई निघाली तरी तिथून खाली काही उसवणार नाही. दीड-दोन महिन्यांनी शाल हातात घेशील तेव्हा काहीएक आठवत नसतं आणि बऱ्याच शाली केवळ एवढ्यासाठी कायमच्या कपाटात जातात. त्या दिवसांत हाताला चाळा म्हणून भांडी पुसायचा सुती चौकोन, नुसते सुलट टाके, झाला तर झाला.

आता चरखा. पेटी चरख्याला येरवडा चक्र असंही म्हणतात, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा या घडीच्या चरख्यावर काम झालं म्हणून ते नाव, म्हणजे मुळात छोट्या जागेसाठी आणि उचलून नेण्यासाठीच ही पेटी. तुमच्या वन बीएचकेला याच्याइतकी सोयीची वस्तू नाही, पण पलंगाखालून काढा, माळ (चाकाची दोरी) लावा, पेळू (कातायच्या कापसाच्या वळ्या) शोधा, यात दहा मिनिटं गेली की माणूस म्हणतं जाऊ दे. हॉलच्या कोपऱ्यात एक पाट टाक, पेटी त्यावर, पेळू पेटीतच. उघडलं की सूत निघायला लागलं पाहिजे.

आणि किती कातायचं? एक गंमत सांगते. 1924 साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष गांधीजी, तिथे ठरलं की सभासद व्हायचं तर महिन्याला 2000 वार सूत द्यायचं. वकील, डॉक्टर, पुढारी, सगळे कामात बुडालेले लोक! बरं त्यात पळवाटही होती, आजारी असाल किंवा इच्छा नसेल तर दुसऱ्याने कातलेलं दिलं तरी चालेल. पुढच्याच वर्षी ती सक्ती सैल झाली आणि सुताऐवजी चार आणे दिले तरी चालू लागलं. मला यात नवल वाटत नाही, हौस आणि वर्गणी एकत्र केली की असंच व्हायचं. पण तो आकडा मात्र बघ, 2000 वार म्हणजे रोजचे जेमतेम 61 मीटर. हात बसला की अर्ध्या तासाच्या आतलं काम आहे.

तुझं सूत सुरुवातीला जाड येईल, 10 नंबरचं समज (नंबर लहान तितकं सूत जाड), ते एका ग्रॅमला सुमारे 17 मीटर पडतं. चार पदर एकत्र पिळले की विणायला बरं होतं. बाळाच्या टोपड्याला 40 ग्रॅम धर, म्हणजे 680 मीटर, रोज 61च्या हिशोबाने अकरा-बारा दिवस आणि वर पीळ द्यायला एखादी संध्याकाळ. म्हणून स्वतःच्या सुताचा स्वेटर हे स्वप्न आत्ता नको, टोपडं कर. पेळू संपले की नणंदेलाच सांग, वर्धा-सेवाग्रामकडे खादीचं काम चालतं, तिला चौकशी करायला सोपं.

(तू रोज ज्या भागात नोकरीला जातेस तिथे एकेकाळी नुसत्या गिरण्या होत्या, 1982च्या संपानंतर बंद पडत गेल्या, आता काचेची ऑफिसं. तिथून घरी येऊन तू हाताने सूत काढतेस, मला हे भारी वाटतं बाई.)

राहता राहिल्या सासूबाई. त्या म्हणतात ते खरंच आहे, पाचशेला मिळतो, लोकरच कधी कधी त्याहून महाग पडते. वाद घालूच नकोस. त्यांच्याच मापाचं एक बिनबाह्यांचं जाकीट पुढच्या थंडीसाठी विणायला घे, आणि रंग त्यांना निवडू दे.

प्रश्न : मी पुण्यात आयटीमध्ये आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. मीटिंगा इतक्या असतात की विचारू नका. कॅमेऱ्याखाली क्रोशे केलं तर चालेल का? मी पुरुष आहे, टीममध्ये हसतील अशीही भीती आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : ज्या मीटिंगमध्ये तुम्ही बोलणार आहात तिथे नको, ज्यात नुसतं ऐकायचंय तिथे खुशाल करा, पण मोजावं लागेल असं काही नको, साधे खांब (क्रोशाचे उभे टाके) घालत मफलर करा. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांनी 40 जणांना एक रटाळ फोन संदेश ऐकवला होता, अर्ध्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला दिले, तर रंगवणाऱ्यांना नंतर 29 टक्के जास्त आठवलं. ते क्रोशे नव्हतं हे मान्य, पण हाताला बिनडोक चाळा असला की मन फार लांब भटकत नाही हा अनुभव बऱ्याच जणांचा असतो. मॅनेजरला मात्र आधी सांगून ठेवा, नजर सारखी खाली गेली की त्याला वाटणार हा मोबाइल बघतोय. आणि हसण्याचं म्हणाल तर गांधीजी, विनोबा सगळ्यांसमोर बसून सूत कातायचे, आपल्याकडे घोंगड्या विणणारे हात कितीतरी पुरुषांचेच, तुमच्या टीमला हे माहीत नसेल तर तो त्यांचा प्रश्न. हसणारे पंधरा दिवस हसतात, मग मफलर मागतात.

प्रश्न : ताई मी नागपूरला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, तीन शिफ्ट. नाइट करून आले की लगेच झोप येत नाही म्हणून चरख्यावर बसते, बरं वाटतं. पण एप्रिल लागला की धागा सारखा तुटतो. मिळतो अर्धा तास आणि तोही जोडण्यातच जातो. माझा हात बिघडला का?

उत्तर : हात नाही बिघडला, हवा बिघडली. नागपूरचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि कापसाच्या धाग्याला थोडा ओलावा लागतो, कोरडा पडला की कडक होऊन तुटतो. मुंबईत एवढ्या सूतगिरण्या वाढल्या त्यात तिथली दमट हवा हेही एक कारण सांगतात. तर तुमचा कूलर आहे ना, वाळ्याच्या ताट्यांचा, त्याच खोलीत बसा, फक्त वाऱ्याच्या झोतासमोर नको, तार (निघणारा धागा) हलते. पेळू तासभर आधी त्या खोलीत उघडे ठेवा, पण भिजवू नका हं, ओला पेळू ओढला जात नाही, गुठळ्या होतात. एसीच्या खोलीत उलट जास्त तुटेल. एवढं करूनही तुटत असेल तर चाती (सूत गुंडाळलं जातं ती लोखंडी काडी) फिरवून बघा, वाकली असेल तर टोक थरथरतं, आणि पीळ थोडा वाढवा, म्हणजे तार खेचून झाल्यावर चाक आणखी थोडं फिरवायचं आणि मगच गुंडाळायचं. बाकी नाइटनंतर कातता ते चांगलंच आहे, फक्त डोळे मिटायला लागले की उठा.

प्रश्न : दिवसभर माउस आणि रात्री सुया, उजव्या हाताला मुंग्या येतात. कुठला मलम लावू?

उत्तर : मलम नको, डॉक्टर. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल तर मनगटातली नस दबली असण्याची शक्यता असते, ते लवकर दाखवलेलं बरं. तोपर्यंत सुया बंद. नंतर सुरू कराल तेव्हा वीस मिनिटांवर एका जागी विणायचं नाही, लोकर घट्ट ओढायची नाही, आणि धातूच्या बारीक सुयांपेक्षा जरा जाड, बांबूच्या धरून बघा.

प्रश्न : ऑफिसात एकीच्या बाळाला स्वेटर विणून दिला आणि आता रांग लागलीय. एक जण म्हणाली लोकरीचे पैसे देते की. नाही कसं म्हणू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लोकरीचे पैसे देते म्हणजे तुमचे हात फुकट! बाळाचा छोटा स्वेटर म्हटला तरी दहा-बारा तास जातात, तासाला शंभर रुपये लावले, जे काहीच नाहीत, तरी हजार-बाराशे मजुरी आणि वर लोकर. हा आकडा एकदा हसत हसत सांगून बघा, रांग तिथेच अर्धी होते. उरलेल्या खरंच पैसे द्यायला तयार झाल्या तर जास्त सांभाळा, कारण मग तारीख येते, माप येतं, "बटणं जरा वेगळी हवी होती" येतं, म्हणजे दिवसभर एक साहेब आणि संध्याकाळी चार. माझं मत विचाराल तर नोकरी आहे तोवर विकू नका. जवळच्या माणसाला मनात आलं तर द्या, न सांगता द्या, म्हणजे तारखेचा प्रश्नच नाही. बाकीच्यांना सांगा की विणून देत नाही पण शिकवते, बुधवारी डबा खाल्ल्यावर वीस मिनिटं. सुया तुमच्याकडच्या वापरा, लोकर त्यांनी आणायची.