नोकरीबरोबर विमाही गेला: न्यूयॉर्कमध्ये मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या मोफत क्लिनिकमध्ये शुगर-बीपीची औषधं मिळतील का?

मिळतील, पण गोळ्या संपायची वाट बघू नका. ही क्लिनिकं बहुतेक आठवड्यातून एकच दिवस चालतात, तेव्हा महिनाभर आधी फोन करून नंबर लावा. ब्राँक्समध्ये आइन्स्टाइन कॉलेजचं १९९९ पासून आहे, ईस्ट हार्लेममध्ये माउंट सायनायचं २००४ पासून. तुमची वस्ती आणि उत्पन्न त्यांच्या नियमात बसतं का, ते फोनवरच विचारा. विमा मिळण्यासारखा असेल तर आधी तो घ्या म्हणतील. नोकरीचा विमा गेल्यावर सरकारी मार्केटप्लेसवर (विमा निवडून घ्यायची सरकारी वेबसाइट) नवा घ्यायला ६० दिवस असतात.

“शिकाऊ पोरं औषध देणार?” ही तुमची भीती रास्त आहे, पण प्रिस्क्रिप्शन त्यांच्या हातात नसतं. एक सीनियर, एक ज्युनियर असे दोघं विचारपूस करून तपासतात, बाहेर जाऊन डॉक्टरांना सगळं सांगतात, मग डॉक्टर स्वतः येऊन बघतात. तेच प्रश्न पुन्हा येतात, दोन-तीन तास सहज जातात. डबा न्या. (जेवणाची वेळ चुकवून शुगर उतरवून घेऊ नका, एचबीएवनसीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या रक्ततपासणीला, उपाशी राहावं लागत नाही.)

खरी अडचण भारतातून आणलेल्या गोळ्यांची. ग्लायकोमेट, टेल्मा ही नावं तिथे कुणाला कळत नाहीत. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन असं लिहून न्या. एका गोळीत दोन औषधं असतील तर दोन्हींचे मिलिग्रॅम वेगवेगळे लिहा, कारण तेच मिश्रण अमेरिकेत मिळेलच असं नाही. रिकामी स्ट्रिप सोबत असली की वाद मिटतो. इंग्रजी अडत असेल तर फोनवरचा दुभाषी मागा, मुलाला मध्ये घालू नका. आई-वडील त्याच्यासमोर निम्मं लपवतात.

गाडी अडते ती नंतर. रिपोर्ट आला की अनोळखी नंबरवरून फोन येतो, आपण उचलत नाही, व्हॉइसमेल भरलेला असतो, आणि वाढलेलं क्रिएटिनिन (किडनीवर ताण असल्याची खूण) तसंच पडून राहतं. पुढच्या वेळी विद्यार्थीही बदललेला असतो. म्हणून रिपोर्टची प्रत आणि बीपीची वही स्वतःकडे ठेवा.

झोपेच्या किंवा कडक वेदनाशामक गोळ्या इथे सहसा मिळत नाहीत. छातीत दुखलं, एक बाजू लुळी पडली तर थेट ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन करा. १९८६ च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत पैशांअभावी तपासणी नाकारता येत नाही, बिल मात्र मागून येतं. नंबर लांबचा लागला तर शहराच्या सरकारी हॉस्पिटलांत ‘एनवायसी केअर’ची चौकशी करा, तिथली फी उत्पन्न बघून ठरते.