पानगळीतल्या सिग्नलवर विसंबू नका

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स.न.वि.वि. आमचं घर गावात नाही, वावरात आहे. गाव दोन किलोमीटर, मधे नाला आणि सागाचं जंगल. टेलिफोन एक्सचेंज ज्या मोठ्या गावात आहे ते रस्त्यानं सहा किलोमीटर. सासऱ्यांच्या वेळचा तारेचा फोन अजून चालतो, पण त्यात सारखी टक्-टक् ऐकू येते. त्यावर ब्रॉडबँड मागितलं तर ‘लांब पडतं’ म्हणून नाही म्हणाले. बोलणं नीट ऐकू येतं, मग नेट का नाही? मोबाइलचं नेट टिनाच्या घरात येत नाही. मुलगी बारावीनंतर नीटची तयारी घरूनच करते, रात्री जागलीच्या मचाणावर बसून व्हिडिओ उतरवून घेते. विंचू-काट्याचं भय वाटतं. एका दुकानदारानं सिग्नल वाढवणारं बूस्टर सुचवलं आहे. गावात दिरांच्या घरी फायबर आलं आहे, तिथून डिशनं नेट आणता येईल का?
– एक वाचक भगिनी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, बूस्टर घेऊ नका. हे आधी सांगतो, कारण पैसे बहुधा तिथेच आधी जातील. परवान्याशिवाय असलं यंत्र लावणं बेकायदेशीर आहे. शिवाय ते टॉवरच्या पट्ट्यात नुसता गोंगाट ओततं. तुमच्या घरात दोन दांड्या वाढतील आणि गावात दुसऱ्या कोणाचा दवाखान्याला लावलेला फोन तुटेल.

आता तारेचं. तारांच्या कामात माझी ३१ वर्षं गेली. हाच प्रश्न मला खांबाखाली उभं राहून कित्येकांनी विचारला आणि ‘लांब पडतं’ एवढंच सांगून मी पुढच्या खांबाकडे गेलो. त्याची मला खंत आहे, म्हणून आज नीट सांगतो.

फोनवरचं बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात मावतं. ब्रॉडबँड त्याच तारेवर ११ लाख हर्ट्झपर्यंत जातं, एडीएसएल-टू-प्लस या नंतरच्या सुधारित पद्धतीत २२ लाखांपर्यंत. आणि तांब्यात स्वर जितका उंच तितका तो लवकर विरतो. गावच्या देवळात भजन चालू असेल तेव्हा तुमच्या धुऱ्यावर उभ्या राहून ऐका. मृदंगाची थाप तिथवर येईल, टाळांची किणकिण येणार नाही. टाळ देवळात वाजतच असतात, वाटेत हवा त्यांना खाते. तुमच्या तारेत बोलणं म्हणजे ती थाप आणि नेट म्हणजे ती किणकिण.

अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेची जोडी एका किलोमीटरला सुमारे १७० ओहम रोध दाखवते. सहा किलोमीटरला तो हजाराच्या वर गेला. एवढ्यावर फोन वाजतो. पण एक्सचेंजच्या शेजारच्या घरात २४ एमबीपीएसपर्यंत वेग देऊ शकणारी तीच पद्धत पाच किलोमीटरच्या पुढे हाती काही ठेवत नाही. केबल रस्त्यासारखी सरळही जात नाही, सहाचे सात होतात. त्यात आपली काळी माती. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगलेली. जमिनीतला प्रत्येक जोड दरवर्षी ओढला जातो आणि आत पाणी शिरतं. तुम्हाला नाही म्हणणाऱ्यानं खरं तेच सांगितलं.

टक्-टक् मात्र वेगळी. घड्याळ धरून मोजा. साधारण सेकंदाला एक भरत असेल, तर ती तुमच्या किंवा शेजारच्या वावरातल्या झटका मशीनची, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या यंत्राची आहे. रानडुकरांपासून तूर-चणा राखायला ते लागतंच, ते काढा असं मी म्हणणार नाही. पण कुंपणाची तार आणि फोनची तार लांबवर शेजारी-शेजारी धावू देऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. कुंपणाला टेकलेलं गवत कापा आणि मशीनची अर्थिंगची सळई घराच्या अर्थिंगपासून दूर ठोका. आवाज कमी होईल. पुढे घरात नेटची उपकरणं येतील त्यांच्यासाठीही हे करून ठेवा.

फायबरला अंतराचं दुखणं नाही. घरोघरी जे फायबर येतं ते एक्सचेंजपासून २० किलोमीटरपर्यंत चालतं आणि एका काचेच्या धाग्यातला उजेड ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. दोन किलोमीटर जादा धाग्यात एक डेसिबलही उजेड खर्च होत नाही. अडतं ते खांबांवर आणि माणसांवर. एका घरासाठी नाला ओलांडून कोण येईल? म्हणून एकट्या अर्ज करू नका. पांदणीच्या कडेनं वावरात राहणारी चार-पाच घरं असतील तर सगळ्यांनी मिळून द्या, आणि केबल जंगलातून नको, पांदणीनंच मागा. वनखात्याच्या जमिनीला परवानगी लागते आणि त्यात वर्ष जाऊ शकतं. विजेच्या खांबांना परस्पर बांधायला निघालेला माणूस असेल तर त्याला थांबवा, महावितरणची परवानगी लागते आणि जिवाचा प्रश्न आहे.

ग्रामपंचायतीत जाऊन भारतनेटचं विचारा. ही योजना ऑक्टोबर २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावानं मंजूर झाली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, असा तिचा हेतू. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. पंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी गावातला उद्योजक देतो आणि मासिक पैशात त्याचा वाटा असतो. तुमच्या भागात हे काम कोणाकडे आहे तेवढं नाव ग्रामसेवकांकडून काढा. जोडणी झाली की पैसे देण्याआधी त्याच्या मीटरवर घरातला उजेड मोजून दाखवायला सांगा. उणे आठ ते उणे सत्तावीस डीबीएम (हे उजेडाचं माप, उण्याचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी) चालतं असं कागद सांगतो, मी उणे पंचवीसच्या खाली घेणार नाही. पहिल्या पावसात एखादा जोड ढिला पडला की गाठीला काहीतरी शिल्लक हवं.

आता डिश. दिरांच्या छतापासून तुमच्या घरापर्यंत ५.८ गिगाहर्ट्झची छोटी डिश लावता येते, या पट्ट्याला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. दोन किलोमीटर तिला काहीच नाही. मात्र दिरांना फायबर देणाऱ्याला आधी विचारा. आणि नुसतं समोरचं घर दिसून भागत नाही. या लहरी सुतळीसारख्या जात नाहीत, मधोमध फुगलेल्या लांबट काकडीसारख्या जातात. दोन किलोमीटरच्या मध्यावर ती फुगवटी सरळ रेषेच्या चारी बाजूंना पाच मीटर असते, त्यातले निदान तीन मीटर मोकळे पाहिजेत.

इथे सागाची गोष्ट येते. निवृत्त झाल्यावर एका ओळखीच्या घरासाठी मी असाच दुवा जोडला होता. एप्रिल होता. सागाचं पान झडलेलं, खोडांमधून पलीकडची पाण्याची टाकी दिसत होती. वेग उत्तम आला, घरातल्यांनी पेढे वाटले. मृग लागला, पालवी फुटली, वेग घसरू लागला. पोळ्याच्या आठवड्यात फोन आला की काहीच चालत नाही. गेलो, छतावर चढलो, तर जिथून टाकी दिसायची तिथे हिरवी भिंत. सुपाएवढी एकेक पानं, वरून पाणी निथळतंय. लहरी त्या ओल्या पानांत जिरत होत्या. बारा फूट पाइप वाढवून पाहिला, उपयोग झाला नाही. शेवटी वाट बदलली : जंगलाला वळसा घालून एका विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर मधला टप्पा बसवला, तिथून घर. त्या कुटुंबाचे तीन महिने आणि डिशचा दुसरा जोड, दोन्ही माझ्या घाईनं गेले. तेव्हा डिश हवीच असेल तर पोळा झाल्यावर, भर पावसाळी दिवशी, दोन्ही छतांवर माणूस उभा करून बघा. तेव्हा जे दिसेल ते खरं.

पण मुलीला वाट पाहायला वेळ नाही, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात मोबाइलचं नेट घराबाहेरून आत आणलं असतं. टिनाचं छप्पर लहरींना आत येऊच देत नाही, म्हणून राऊटर घरात ठेवण्यात अर्थ नाही. उघड्यावर लावायचा ४जी राऊटर मिळतो, तो वीस फुटी लोखंडी पाइपावर चढवायचा आणि घरात फक्त नेटवर्कची केबल आणायची. वीजही त्याच केबलमधून वर जाते, शंभर मीटरपर्यंत अडचण नसते. अँटेना वर आणि राऊटर खाली ठेवून मधे पातळ कोॲक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी) सोडायची पद्धत दुकानदार सुचवेल. ती नको, दहा मीटर तशा केबलमध्ये मिळवलेलं सगळं जिरतं.

खरेदीआधी मोजणी. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’ इथे सिग्नलचा उणे आकडा दिसतो. नातेवाइकांकडून वेगवेगळ्या कंपन्यांची सिम मागून घ्या. मचाणावर, अंगणात, गोठ्याच्या मागे, प्रत्येक ठिकाणी आकडा वहीत लिहा. उण्याचा आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला : उणे ११५ पेक्षा उणे ९५ शंभर पट जोरदार असतो. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी झाडांतून आणि लांबवर २३०० पेक्षा बऱ्या येतात, म्हणून सगळ्यांत जवळचा टॉवर ज्याचा तोच चांगला असं धरू नका. आणि वेग दोनदा पाहा, पहाटे आणि रात्री नऊला. पहाटे पळणारं नेट रात्री बसत असेल तर सिग्नल बरोबर आहे, टॉवरवर गर्दी आहे. तिथे पाइप कितीही उंच केला तरी फरक पडणार नाही, सिम बदला.

उपग्रहाचं थोडक्यात. जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, प्रश्न विचारून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाच्या वर जातो. व्हिडिओ बघायला चालेल, शिक्षकांशी बोलायला त्रास. तुमच्याकडे बाकीच्या वाटा आहेत, तिकडे वळू नका.

आणि वीज. वावरातलं घर शेतीच्या फीडरवर असेल तर लाइन आठ तास, तीही कधी रात्रीची. राऊटर दहा वॅटच्या आसपास खातो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी त्याला चार-पाच तास सहज चालवते, जोडीला ४० वॅटचं सौर पॅनल पुरेल. झटका मशीनच्याच बॅटरीवर जोडू नका, ती रात्री कुंपणालाच हवी. मुलीला मात्र मचाणावरून आजच खाली घ्या. मोजणी होईपर्यंत फोन उंच काठीला बांधून हॉटस्पॉट चालू ठेवला तरी ती अंगणात बाजेवर बसून वाचू शकेल.

प्रश्न : आमच्याकडे फायबर आहे. काचेत वीज येत नाही म्हणतात, तरी दर रोहिणी-मृगात राऊटर जळतो. असं का?
– एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : काचेत येत नाही हे बरोबर, पण खांबावरून घरात येणाऱ्या बऱ्याच केबलींमध्ये काचेच्या शेजारी आधाराची पोलादी तार असते. ती घराच्या भिंतीबाहेरच कापून टाकायची असते, घाईत कोणी कापत नाही. ती मीटरच्या पेटीला किंवा टिनाला टेकलेली आहे का, हे उद्याच पाहा. दुसरी वाट विजेच्या तारेची. ढग गडगडायला लागले की बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढा. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो, तेव्हा तो नावालाच उरतो. रोहिणी लागण्याआधी मीठ-कोळसा बदला आणि दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी टाका.